पिंपळशेंडे साहेबांचा युरोपचा पास

पिंपळशेंडे साहेब बल्लारपूर सोडून नागपूरला गेले त्याला वर्ष होत आलं, तरी महिन्यातून एखादा माणूस अजून माझ्या दुकानात येऊन विचारतो, "हनीफभाऊ, ते युरोपवाले साहेब इथीच बसतात ना?" कुणाचा मुलगा जर्मनीत असतो, कुणाची मुलगी इटलीत. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की बल्लारपुरात एक रिटायर रेल्वेवाला आहे, तिकडच्या गाड्या त्याला तोंडपाठ आहेत, पास घ्यायचा की तिकिटं काढायची हे तो बसल्या जागी सांगतो. मी म्हणतो, गेले ते. माणूस हळहळतो. मी हळहळत नाही. मनात म्हणतो, वाचलास बाबा.

माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, जातीचा दाखला, भरतीचे फॉर्म, आधारमधल्या चुका, झेरॉक्स आणि फोटो. तीन कॉम्प्युटर. त्यातल्या तिसऱ्यावर साहेब रोज अकरा ते एक बसत. येताना इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक निळा आणि एक लाल पेन, पिशवीत लाकडी फूटपट्टी आणि एक पेरू. खुर्ची आधी रुमालानं पुसत, मग बसत. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. दुसऱ्या कुणाचं घड्याळ दिसलं की आपल्याशी ताडून पाहत आणि सांगत, "दोन मिनिटं मागं आहे." तो माणूस हसून सोडून द्यायला लागला तर साहेब हसत नसत. घड्याळ लावून होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत. बारा वाजता पेरूच्या आठ सारख्या फोडी करत. कुणाला एक कधी दिली नाही.

त्यांची उभी नोकरी जंक्शनवरच्या आरक्षणाच्या खिडकीत गेली. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते त्या जाळीतूनच. मी कॉलेजात होतो, भावाला परीक्षेसाठी मुंबईला जायचं होतं. माझ्यापुढे एटापल्लीकडचा एक म्हातारा उभा होता, बायकोला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, पोटावर हात धरून. साहेबांनी त्याचा फॉर्म उलटा करून परत सरकवला.

"बाईचं वय?"

"पन्नास-साठ असन साहेब."

"पन्नास का साठ?"

म्हाताऱ्यानं बायकोकडे पाहिलं. गोंडीत काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली.

"रेल्वेत 'असन' चालत नाई," साहेब म्हणाले. "माहीत करून ये."

रांगेतला एक जण म्हणाला, पंचावन्न लिही ना बाबा. म्हाताऱ्यानं पेन मागितला. साहेबांनी पेन हातात घेतला आणि परत खिशात लावला. "आता नाई. आता तू माह्यासमोर खोटं वय लिहून राह्यला. कागद घेऊन ये." मग मान बाजूला करून मला म्हणाले, "पुढं." माझा फॉर्म पाहिला, कुठे खाडाखोड नाही, सगळे रकाने भरलेले. "अक्षर चांगलं आहे तुहं," ते म्हणाले. त्या गाडीच्या उरलेल्या जागांतली एक माझ्या भावाला मिळाली. म्हातारा खिडकीच्या बाजूला फॉर्म धरून उभाच होता. आणि मला त्या शाबासकीनं बरं वाटलं होतं. हे सांगायला मला आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

युरोपचं खूळ त्यांना निवृत्तीच्या आधीच लागलं. ताडोब्याला वाघ पाहायला आलेल्या कुणी परदेशी पाहुण्यानं वेटिंग रूममध्ये तिकडच्या गाड्यांचं जाडजूड जुनं वेळापत्रक टाकून दिलं होतं. साहेबांनी ते घरी नेलं, शिवून घेतलं आणि पाठ केलं. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी आपला आणि बायकोचा पासपोर्ट काढून ठेवला. पुढे जुनं पुस्तक निरुपयोगी झालं म्हणून माझ्या दुकानात येऊन नव्या वेळा पाहू लागले. व्हिएन्नाहून सुटलेली गाडी आता कुठे असेल हे ते झेरॉक्सच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला न विचारता सांगत.

त्यांना येत होतं हे मान्य करायलाच हवं. तिकडे फिरायला जाणाऱ्याची पहिली अडचण पासची असते. महिनाभर रोज फिरायचा पास घ्यायचा, की महिन्यातले सात-आठ दिवस निवडून तेवढ्याच दिवसांचा? एका देशाचा घ्यायचा की सगळ्यांचा? तिथं राहणाऱ्यांचा पास वेगळा, आपल्यासारख्या बाहेरच्यांचा वेगळा. मुलानं घाईघाईत तिकडून स्वतःसारखाच, तिथं राहणाऱ्यांचा काढला तर आईबापांना तो चालत नाही. साठीच्या वर सूट. आणि पास नको असेल तर सुटी तिकिटं. ती लवकर काढली तर पडतात स्वस्त, पण त्याच गाडीला बांधलेली. ती गाडी चुकली की तिकिटाचा नुसता कागद झाला. पासवाला मात्र मधेच उतरला, हवा खाल्ली आणि मागच्या गाडीनं गेला तरी त्याला कुणी विचारत नाही. साहेब हे सगळं लाल-निळ्या रेघा मारून समजावत. माणसं हात जोडत.

फक्त त्यांची एक पद्धत होती. विचारलं तेवढंच सांगायचं. खिडकीतली सवय म्हणा. माजरीचे एक रामटेके म्हणून होते, कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, साधा माणूस. मुलाकडे मिलानला जाऊन तिथून दोघं नवराबायको पॅरिस पाहणार होते. साहेबांनी त्यांना पास सुचवला, दिवस मोजून दिले, सगळं चोख. रामटेके मिठाई देऊन गेले. ते गेल्यावर साहेबांनी पेरूची फोड तोंडात टाकली आणि मला म्हणाले, "मिलान-पॅरिसच्या गाडीत नुसत्या पासवर घेत नाई. जागा वेगळी राखावी लागते. पासवाल्यांसाठी जागा बी मोजक्या."

"मग सांगतलं काऊन नाई तुमी?"

"त्यानं विचारलं नाई."

मी रामटेक्यांचा नंबर शोधत होतो तर साहेबांनी लाल पेन माझ्या वहीवर आडवा ठेवला. "शिकू दे. पैसा आला म्हणून युरोप येत नाई." मी फोन केला नाही. साहेब रोज दोन तास माझ्या दुकानात बसत, गिऱ्हाईक आणत, एवढंच. रामटेके नवराबायकोनं मिलानच्या स्टेशनवर दिवस काढला, बाईंना तिथं चक्कर आली, पॅरिस राहिलं. परत आल्यावर रामटेके दुकानाच्या दारात येऊन साहेबांकडे बघत उभे राहिले. साहेबांनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं घड्याळ अजून तिकडच्याच टायमावर आहे का जी?"

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल की माणूस तिरसट होता, पण घरात चांगला असेल. घरचं मला माहीत आहे, कारण त्यांचं पहिलं काम मी केलं ते घरचंच होतं. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली. वनशास्त्र शिकायला गेली आणि तिथं तिला दिनेश मडावी भेटला, एटापल्ली तालुक्यातल्या जंगलगावचा. वडील मोहफूल आणि तेंदूपत्ता गोळा करणारे, पोरगा वर्गात पहिला. दोघांनी लग्न केलं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी साहेब रेशन कार्ड घेऊन माझ्याकडे आले.

"एक नाव कमी कराचं आहे."

फॉर्ममध्ये कारणाचा रकाना असतो. लग्न झालं असं लिहितात. मी तसं लिहू लागलो तर म्हणाले, "थांब. मयत लिहिता येते का?"

"त्याले दाखला लागते साहेब."

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, दाखला मिळेल का म्हणून. मग म्हणाले, "बरं. लग्न लिही."

दिनेशला सरकारी स्कॉलरशिप मिळाली, दोघं ऑस्ट्रियात इन्सब्रुक नावाच्या गावी गेली. डोंगरातलं गाव, तिथं जंगलांवर संशोधन चालतं. तिथंच मुलगी झाली. दिनेशनं नाव ठेवलं पुंगार, गोंडीत फूल. ती सहा महिन्यांची असताना तिघं एटापल्लीला आली, आणि वैशालीनं आईला निरोप धाडला की रविवारी बल्लारपूरला येतो, बाबा घरात घेणार नसतील तर फाटकावरून दाखवते. साहेबांना कसं कळलं कोण जाणे. शनिवारी सकाळी त्यांनी रेल्वेचा पास काढला आणि बायकोला, म्हणजे काकूंना, तिरुपतीला घेऊन गेले. पंधरा दिवस. निवृत्त रेल्वेवाल्याला पास असतोच, तो वाया कशाला घालवायचा, असं ते फाटकाला कुलूप घालताना मला म्हणाले. रविवारी वैशाली आली. कुलपाला हात लावून गेली.

काकूंचं नाव सुमन. बुटक्या, गोऱ्या, बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळणाऱ्या. घरी साहेब त्यांचा फोन तपासत, म्हणून त्या झेरॉक्सच्या निमित्तानं माझ्याकडे येत, साहेब एक वाजता घरी जाऊन जेवून झोपले की. मी माझ्या फोनवरून इन्सब्रुकला व्हिडिओ कॉल लावून द्यायचो आणि पडदा ओढायचो. पुंगार तिकडून तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, काकू इकडून "हो माय, हो माय" म्हणायच्या. एकदा फोन परत देताना म्हणाल्या, "चार वर्साची झाली हनीफभाऊ. मी अजून हात लावून नाई पाह्यली." एवढंच त्यांना हवं होतं. लेकीकडे राहायला जायचं नव्हतं, भांडण मिटवायचं नव्हतं. एकदा हात लावायचा होता.

आणि मग साहेबांनी स्वतः युरोपला जायचं ठरवलं. कारण सरळ होतं. लोक विचारत, "तुमची पोरगी तिकडंच आहे ना साहेब? मग तुमी काऊन नाई गेले?" हे त्यांना टोचत असे. लेकीशिवाय युरोप करून दाखवायचा, असा हट्ट. व्हिएन्ना, झुरिच, आणखी चार शहरं. व्हिएन्नाहून झुरिचला जाणारी गाडी इन्सब्रुकवरून जाते. नकाशावर फूटपट्टी ठेवून त्यांनीच मला ते दाखवलं.

"तिच्या दारावरून जाचं," ते म्हणाले. "उतराचं नाई."

म्हणून त्यांचं मत सुट्या तिकिटांचं होतं. व्हिएन्ना ते झुरिच एकच तिकीट, एकच गाडी, बांधलेली. त्या दिवशी दुपारी काकू आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. गाडी इन्सब्रुकला काही मिनिटं थांबते. पण नुसत्या काही मिनिटांत काय होणार? पास असला तर मात्र काकू उतरू शकतात. दोन तास लेकीजवळ, नातीजवळ बसून मागच्या गाडीनं झुरिचला. साहेब भडकतील ते भडकतील. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मारतील तं मारतील. तवापर्यंत पोरीले पाह्यलं असन."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. म्हटलं, "साहेब, जिंदगीभर रेल्वेत काढले. तिकीट काढून फिराल तर लोक काय म्हणतील? तुमच्यासारख्याच्या हातात पास पाह्यजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेरू बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा मी त्यांना नियमाबाहेर जाऊन हसताना पाहिलं. "हे तू बरोबर बोलला," म्हणाले. दोन पास घेतले, सात दिवसांचे, साठीची सूट लावून. पास फोनवर येतो. एकाच फोनमध्ये दोघांचे ठेवता येतात, पण मी ठोकून दिलं की ज्याचा त्याच्याच फोनमध्ये लागतो. ही माझी एकुलती एक चलाखी. काकूंचा पास काकूंच्या फोनमध्ये गेला. त्यांनी तो दहादा उघडून पाहिला. त्यांच्या नावावर रेशन कार्ड आणि साहेबांच्या कपाटातला पासपोर्ट सोडून दुसरं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

इथवर सगळं नीट होतं. घोळ मी केला, आणि आमच्या इथला कुणीही माणूस तोच घोळ करेल. आमच्याकडे जे कागदावर नाही ते खरं नसतं. फोनमध्ये दाखला दाखवला तरी तलाठी म्हणतो, प्रिंट आण. काकूही म्हणाल्या, "फोनवरचं मले नाई समजत. कागदावर दे ना बाप्पा." मी दिलं. मोठ्या देवनागरी अक्षरात, साल्झबुर्गपासून पुढची स्टेशनं, प्रत्येकाची वेळ, आणि इन्सब्रुकखाली जाड रेघ. खाली लिहिलं, 'दाराजवळ आधीच उभं राहायचं, वैशाली फलाटावर असेल.' काकूंनी कागदाची बारीक घडी केली. स्टेशनांची नावं त्या भाजी निवडताना पाठ करत, चंद्रपूर, बाबूपेठ, बल्लारशा म्हणावं तशी. कागद त्यांनी मसाल्याच्या डब्याखालच्या वर्तमानपत्रात ठेवला होता. चाळीस वर्षं फॉर्म तपासलेल्या माणसाच्या घरात कागद लपवायला गेलो आम्ही.

ठरलेल्या दिवशी गाडी इन्सब्रुकला पोचायची तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ होती. वैशालीचा फोन आला. आवाज स्थिर होता, वडिलांसारखाच.

"हनीफदादा, गाडी आली आणि गेली. मी सगळे डबे पाहिले. आई नव्हती. तिचा फोनही लागत नाही."

मी म्हटलं, चुकली असेल, मागच्या गाडीनं येतील. ती थांबली. मागची आली, तिच्या मागची आली. पुंगारच्या हातात आजीसाठी केलेलं कागदाचं काहीतरी होतं, ते चुरगळलं म्हणून ती रडायला लागली, ते मला फोनवर ऐकू येत होतं. शेवटी दिनेश पोरीला घरी घेऊन गेला आणि वैशाली एकटी झुरिचला गेली, मी दिलेल्या हॉटेलच्या पत्त्यावर. तिथं पिंपळशेंडे नावाचं कुणी आलेलंच नव्हतं. साहेबांनी हॉटेल कधीच बदललं होतं, चंद्रपूरच्या कुठल्यातरी दुसऱ्या सेंटरमधून.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला साहेब दुकानात हजर. खुर्ची पुसली, बसले, आणि मी काही न विचारता त्यांनी सगळं सांगितलं. विचारलं तेवढंच सांगणारा माणूस त्या दिवशी आपणहून बोलला. कागद त्यांना निघायच्या आठ दिवस आधी सापडला होता. वाचून त्यांनी तो होता तसा घडी करून होता तिथंच ठेवला.

"पासचा फायदाच तो आहे ना हनीफ. कोणती बी गाडी धरा. साल्झबुर्गले म्हटलं, उतर, गाडी बदलाची आहे. म्युनिकची गाडी धरली. तिकडून बी झुरिचले जाते. इन्सब्रुक लागतच नाई."

काकूंना त्यातलं काही कळलं नव्हतं. गाडी सुटल्यावर अर्ध्या तासात त्या पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पिशवीत नातीसाठी शिवलेलं परकर-पोलकं आणि तिळाचे लाडू होते. दीडेक तास त्या तशाच उभ्या होत्या. साहेब जागेवरून बघत होते.

"तिनं पाठ केलेले स्टेशन येऊनच नाई राह्यले. तरी उभी," ते म्हणाले. "मग मोठं स्टेशन आलं. फलाटावर हे गर्दी. तिले वाटलं हेच. उतरली अन् पाहू लागली. एकेका बाईच्या तोंडाकडं पाहे. लेकरू दिसलं का तिकडं जाये. आपल्या पुढच्या गाडीले अठ्ठावीस मिनिटं होते. मी म्हटलं, पाहू दे. वीस मिनिटं पाहू दिलं. मग जाऊन सांगतलं, हे म्युनिक होय."

मी विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

"काई नाई. पिशवी मले दिली धराले."

हे सांगताना त्यांच्या तोंडावर राग नव्हता की आनंद नव्हता. एखादी कठीण जोडगाडी बरोबर मिळाल्याचं समाधान होतं. मी त्यांना तेव्हाच दुकानातून बाहेर काढायला हवं होतं. काढलं नाही. त्यांनी पेरू काढला, फूटपट्टीनं मापून कापला आणि म्हणाले, "तुह्या कागदात एक चूक होती. येनबाख स्टेशनची वेळ एक मिनिटानं कमी लिहिली तू."

त्यानंतर काकू माझ्याकडे आल्या नाहीत. एकदा भाजीबाजारात दिसल्या. मी म्हटलं, काकू, माफ करा, तो कागद मी द्यायलाच नको होता. त्या म्हणाल्या, "मीच मांगतला होता." कॉल लावून देऊ का विचारलं तर मान हलवली. "ते लेकरू विचारते, आली काऊन नाई म्हणून. काय सांगू?" आणि वांगी निवडू लागल्या. वैशाली मात्र मला दर पंधरा दिवसांनी मेसेज करायची. तिकीट मी इथून काढते, आईला एकटीला विमानात बसवून द्या, उतरवून घ्यायला मी येईन, फक्त पासपोर्ट बघा, त्याची मुदत संपत आली असेल. ते मलाही माहीत होतं. दोघांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले होते आणि दोन्ही साहेबांच्या कपाटात होते, कुलपात.

म्हणून नागपूरला जायच्या आधी साहेब जेव्हा दोन्ही पासपोर्ट घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा खरं सांगतो, माझ्या मनात आशा आली. वाटलं, माणूस म्हातारा होतो, कुठंतरी सैल होतो. त्यांनी खुर्ची पुसली. एक पासपोर्ट माझ्यापुढे उघडून ठेवला, त्यांचा. "याची मुदत वाढवाची आहे. नव्यानं फॉर्म भर." मी भरला. एकेक रकाना त्यांनी वाचून पाहिला, बायकोचं नाव लिहिलेलं अक्षर अक्षर तपासलं.

"आता काकूंचा द्या," मी म्हटलं.

त्यांनी दुसरा पासपोर्ट उघडला आणि फोटोच्या पानावर बोट ठेवलं. काकूंचा तो फोटो मीच काढला होता. केस नीट बसवलेले, कपाळावर मोठं कुंकू, ओठ घट्ट मिटलेले, पण डोळे हसणारे.

"याचा फॉर्म नाई भराचा. तिले आता कुठी जाचं आहे? हा फोटो तेवढा स्कॅन करून मोठा करून दे, भिंतीवर लावता येईन इतका. याच्यासारखा तिचा दुसरा नाई आला. पुढं कधी लागलाच तर धावपळ नको."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते, खिडकीच्या आतल्या माणसानं बघावी तशी, घाई नाही, राग नाही.

"काकूंची तब्येत बरी नाई का?"

"बरी आहे. काई झालं नाई तिले."

मी म्हटलं, "मशीन बंद आहे साहेब."

मशीनवर हिरवा दिवा जळत होता. साहेबांनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," ते म्हणाले. "चंद्रपूरले करून घेतो." दोन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवून त्यांनी रबर लावलं, पिशवीत घातले आणि छत्री उघडून बाहेर पडले. उन्हाचा कडाका होता. रस्ता ओलांडून ते बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले, मनगट उलटं करून वेळ पाहिली. चंद्रपूरची बस पाच मिनिटांत आली. एव्हाना घरी काकूंनी त्यांच्यासाठी भात टाकला असेल.